शस्त्रक्रियेआधीचा उपचार

लहान मुलाच्या शस्त्रक्रियेची तयारी म्हटले की रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, रक्तदात्यांची जुळवाजुळव, योजनेची पूर्वमंजुरी आणि कामावरची रजा एवढ्या गोष्टी ओळीने आठवतात, आणि त्या पुऱ्या झाल्या की तयारी झाली असे घरातली मोठी माणसे व रुग्णालयातील कर्मचारी दोघेही धरून चालतात. ज्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया व्हायची त्या मुलाशी कोणी, केव्हा आणि काय बोलावे, याला या यादीत बहुधा जागा नसते. उलट, मूल रडेल या धास्तीने त्याला मामाच्या गावाला किंवा फोटो काढायला जायचे आहे असे सांगून घराबाहेर काढले जाते, आणि खरी गोष्ट त्याला वॉर्डमधल्या खाटेवर, सलाईनची सुई समोर आल्यावर कळते. मुलाची आणि कुटुंबाची मानसिक तयारी ही उपचाराला जोडलेली सौजन्याची बाब नसून उपचाराचाच एक भाग आहे, तिचा परिणाम वेदनेवर, भूल उतरण्यावर आणि घरी परतल्यानंतरच्या आठवड्यांवर होतो, आणि तिचा पाया मुलाला वेळेवर व त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत सांगितलेले खरे हाच आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वियोगाची दखल

रुग्णालयात दाखल झालेले मूल शांत पडून आहे म्हणजे ते रुळले, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांत दृढ होता. संसर्गाच्या भीतीने आणि शिस्तीच्या आग्रहाने आईवडिलांना आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच भेटू देण्याची पद्धत तिथे सर्रास होती. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. जेम्स स्पेन्स यांनी 1920च्या दशकातच आजारी बाळांबरोबर त्यांच्या आयांना ठेवून घेण्याचा प्रघात पाडला. परंतु तो अपवाद राहिला. 1945 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी शस्त्रक्रियेनंतर मुलांत दिसणारी रात्रीची भीती, चिकटून राहणे, हट्टीपणा अशा लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांची तुलना युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक विकारांशी केली. अगदी लहान वयाच्या मुलांना हा त्रास अधिक होतो, हेही त्यांनी दाखवले.

मत पालटण्यास खरी चालना मिळाली ती 1952 मधल्या एका साध्या, कृष्णधवल चित्रपटामुळे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे सहकारी असलेले समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले. ती मुलगी फारशी आकांत करत नाही, मात्र दिवसागणिक तिचा चेहरा मिटत जातो आणि आई भेटायला आली असता ती तोंड फिरवते. अशा वियोगाचे तीन टप्पे रॉबर्टसन यांनी मांडले: पहिला निषेधाचा, ज्यात मूल रडून आईला हाका मारते, दुसरा निराशेचा, ज्यात ते गप्प होते, आणि तिसरा अलिप्ततेचा, ज्यात ते वरकरणी हसू-खेळू लागते, पण आईपासून मनाने दुरावलेले असते. ज्याला ‘रुळणे’ म्हटले जात होते ते मुळात हार मानणे होते, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळच्या अनेक डॉक्टरांना मानवला नाही. तरीही 1959 मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात भेटीच्या वेळांवरील बंधने काढावीत, लहान मुलांबरोबर आईला राहू द्यावे आणि मुलांची दाखल होण्याआधी तयारी करून घ्यावी, अशा शिफारशी करण्यात आल्या.

महाराष्ट्रातील सार्वजनिक रुग्णालयांचा इतिहास या बाबतीत वेगळ्या वाटेने गेला. येथील बालरुग्ण वॉर्डात आई खाटेवर किंवा खाटेखाली मुलापाशीच असते. ती त्याला भरवते, पुसून काढते, त्याची लघवी मोजून सांगते, सलाईन संपत आले की सिस्टरला हाक मारते. मनुष्यबळाच्या टंचाईतून का होईना, जी गोष्ट पाश्चात्त्य रुग्णालयांना प्रदीर्घ वादानंतर मान्य करावी लागली ती येथे आधीपासून रुळलेली आहे. मात्र आईची ही उपस्थिती श्रम म्हणून वापरली जाते, उपचारातील सहभाग म्हणून तिची गणना होत नाही. शस्त्रक्रियेत काय होणार, मूल कोणत्या अवस्थेत बाहेर येणार आणि तेव्हा तिने काय करायचे, हे तिला क्वचितच नीट समजावून दिले जाते. आणि आईलाच ठाऊक नसेल तर ती मुलाला काय सांगणार?

वयागणिक बदलणारी भीती

मुलाची तयारी म्हणजे मोठ्यांना दिलेल्या माहितीची छोटी आवृत्ती नव्हे, कारण प्रत्येक वयातील भीतीचे कारण निराळे असते. सहा-सात महिन्यांच्या आतील बाळाला शस्त्रक्रियेची जाण नसते; त्याला लागतो तो ओळखीचा स्पर्श, वास आणि आवाज, त्यामुळे तिथे तयारी मुख्यतः आईवडिलांचीच करावी लागते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला सर्वांत मोठे भय वियोगाचे असते, आणि समजावणीपेक्षा आईचा पदर किंवा रोजची गोधडी त्याच्या अधिक कामी येते.

तीन ते सहा हे वय सर्वांत नाजूक म्हणावे लागेल, कारण या वयात कल्पना आणि वास्तव यांतील सीमा पुसट असते आणि आपल्या वागण्यामुळेच भोवतालच्या घटना घडतात अशी मुलाची धारणा असते. दंगा केला म्हणून, आजीचे ऐकले नाही म्हणून आपल्याला येथे आणले, असे त्याला मनापासून वाटू शकते. आणि ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही घरोघरी दिली जाणारी धमकी त्या समजाला आधीपासूनच खतपाणी घालत असते. म्हणून या वयाच्या मुलाला ‘तुझ्यामुळे काही झालेले नाही, ही शिक्षा नाही’ हे वाक्य स्पष्ट शब्दांत आणि एकाहून अधिक वेळा सांगणे आवश्यक ठरते.

सहा ते अकरा वर्षांची मुले कारणे आणि क्रम विचारतात: किती कापणार, टाके कसे काढणार, मध्येच जाग आली तर काय. त्यांच्यासाठी शरीराचे साधे चित्र आणि खरी उत्तरे हीच तयारी होय. बारा वर्षांपुढील मुलामुलींना लाज, खाजगीपण आणि व्रणाची चिंता सतावते. कपडे कोणासमोर काढावे लागतील, हा प्रश्न त्यांना आजाराएवढाच मोठा वाटतो. अशा मुलाशी आईवडिलांच्या अनुपस्थितीतही डॉक्टरांनी थोडे बोलावे, हे यासाठीच इष्ट असते.

खरे केव्हा आणि कसे सांगावे

या विषयावर सर्वाधिक सलग संशोधन अमेरिकेतील भूलतज्ज्ञ झीव केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे. त्यांच्या अभ्यासांतून पुढे आलेली एक बाब वेळेविषयीची आहे: सहा वर्षांवरील मुलांना पाच ते सात दिवस आधी सांगितल्यास त्यांना ही गोष्ट मनात घोळवून पचवायला अवधी मिळतो, तर अगदी आदल्या दिवशी सांगितल्यास त्यांची अस्वस्थता उलट वाढू शकते. याहून लहान मुलांना इतके आधी सांगून उपयोग नसतो, कारण त्यांची काळाची जाणीव तोकडी असते. त्यांच्यासाठी एक-दोन दिवस पुरेसे होतात.

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गटाच्या अभ्यासात 408 मुलांची त्यांच्या पालकांसह चार गटांत विभागणी करण्यात आली होती. पहिल्या गटाला नेहमीची काळजी मिळाली, दुसऱ्यात भूल देताना पालक सोबत होते, तिसऱ्यात कुटुंबाची आधीपासून पद्धतशीर तयारी करून घेतली होती आणि चौथ्यात मिडाझोलाम हे चिंता कमी करणारे औषध तोंडाने दिले होते. तयारी केलेल्या गटातील मुले शस्त्रक्रियेपूर्वी इतरांपेक्षा शांत होती, भूल देतेवेळी औषध घेतलेल्या मुलांइतकीच सहकार्य करत होती, त्यांना नंतर वेदनाशामके कमी लागली आणि ती लवकर घरी गेली. या तयारीत खर्चिक असे काही नव्हते: भूल देण्याचा मास्क घरी देऊन तो खेळात नाकातोंडावर धरण्याची सवय करणे, काय घडणार ते चित्रफितीतून दाखवणे, लक्ष वळवण्याच्या युक्त्या पालकांना शिकवणे आणि वारंवार धीर देण्याचा मोह टाळणे.

यातील शेवटचा मुद्दा आपल्या घरांना चकित करणारा आहे. ‘काही होत नाही बाळा, घाबरू नकोस’ असे पुन्हा पुन्हा म्हटले की मुलाला त्यातून एवढेच कळते की घाबरण्याजोगे काहीतरी आहे आणि आईही घाबरलेली आहे. त्याऐवजी मुलाचे लक्ष दुसरीकडे नेणारे बोलणे, गोष्ट, गाणे, आकडे मोजणे किंवा मुलाला स्वतःला करता येईल असे एखादे काम देणे अधिक उपयोगी पडते. तसेच ‘दुखणार नाही’ हे वचन कधीही देऊ नये. ‘मुंगी चावल्यासारखे होईल, तेव्हा माझा हात घट्ट धर, आणि दुखले तर सिस्टरना सांगायचे, त्या औषध देतात’ हे वाक्य खरे आहे आणि म्हणूनच त्यावर मुलाला विसंबता येते. भुलेविषयी बोलताना ही रोजची झोप नसून डॉक्टरांनी दिलेली झोप आहे, काम चालू असेपर्यंत ती मोडत नाही आणि काम संपले की डॉक्टर औषध थांबवून जागे करतात, एवढे सांगावे. नाही तर घरी अंथरुणावर झोपायलाही मूल घाबरू लागते.

खेळ हे या तयारीचे सर्वांत जुने साधन आहे. कापडी बाहुलीला सलाईन लावणे, रिकाम्या सिरिंजने पाणी भरणे, बाहुलीच्या पोटावर पट्टी चिकटवणे यांतून मूल भीती हाताळते आणि तिच्यावर थोडा ताबा मिळवते. घरात ‘डॉक्टर-डॉक्टर’ खेळणाऱ्या मुलांना हे नवे शिकवावे लागत नाही. मोठ्यांनी त्या खेळात बसून मूल बाहुलीशी काय बोलते ते ऐकावे, कारण त्याचे गैरसमज तिथेच उघड होतात.

उपाशी पोट आणि काळा दोरा

तयारीतील काही सूचना शारीरिक सुरक्षिततेच्या असतात, आणि त्यामागचे कारण सांगितले नाही तर त्या पाळल्या जात नाहीत. भुलेत गिळण्या-खोकण्याच्या नैसर्गिक प्रतिक्रिया मंदावतात आणि पोटातील अन्न किंवा दूध वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो; म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी घन अन्न व वरचे दूध सहा तास आणि आईचे दूध चार तास बंद ठेवतात. पाणी किंवा साखरपाण्यासारखे स्वच्छ द्रव मात्र दोन तास आधीपर्यंत चालतात, आणि युरोपातील अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांनी ही मर्यादा एका तासापर्यंत खाली आणली आहे. दुधाचा चहा स्वच्छ द्रवांत मोडत नाही. रडणाऱ्या नातवाला पाहून आजीने दिलेल्या एका बिस्किटामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. याच्या उलट टोकाची चूक रुग्णालयांकडून होते: रात्री बारापासून सरसकट उपाशी ठेवलेले दोन वर्षांचे मूल दुपारपर्यंत यादीत खोळंबते, त्याची साखर उतरते आणि भुकेच्या रडण्याला भीतीचे रडणे समजले जाते. सर्वांत लहान मुले यादीत सर्वांत आधी घेणे आणि प्रत्येक कुटुंबाला पाण्याची शेवटची वेळ घड्याळाप्रमाणे सांगणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

सर्दी, खोकला किंवा ताप असल्यास तो लपवू नये, कारण अशा वेळी श्वासमार्ग चिडलेला असतो आणि भुलेत तो आकसण्याचा संभव वाढतो. मिळालेली तारीख जाईल म्हणून खोकला दडवणारे पालक अजाणता मुलाला धोक्यात घालतात. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हलणारा दात भूलतज्ज्ञांना आधी दाखवावा लागतो, कारण श्वासनळी बसवताना तो निखळून आत जाऊ शकतो. शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या बंद करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विद्युत उपकरणामुळे धातू जिथे टेकलेला असतो तिथे भाजण्याची भीती असते, म्हणून वाळे, बिंदल्या, चांदीचा करदोटा आणि ताईत काढून ठेवावे लागतात. नखांवरील रंग बोटाला लावलेल्या यंत्राने रक्तातील प्राणवायू मोजण्यात अडथळा आणू शकतो. ज्या घराने नवसाने ताईत काळ्या दोऱ्यात बांधलेला असतो त्याला सिस्टरने तो दोरा कात्रीने कापून टाकणे हा अपशकुन वाटतो. तोच दोरा आईने स्वतःच्या हाताने सोडून आपल्या मनगटाला बांधावा, असे सुचवले तर नियमही पाळला जातो आणि श्रद्धेचा अवमानही होत नाही.

कुटुंबाची तयारी

फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब शोधण्यासाठी या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन तपासणी करतात. हृदयातील छिद्र, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, वाकडे पाऊल असे दोष अनेकदा याच तपासणीत प्रथम उघड होतात आणि मूल पुढे जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या शहरात पाठवले जाते. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेतून अशा कित्येक शस्त्रक्रियांचा खर्च भागतो, आणि कागदपत्रांसाठी रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. शोध आणि पैसा या दोन कड्या अशा रीतीने बऱ्याच अंशी जुळल्या. त्यांच्या मधली समजावण्याची कडी मात्र अजून दुबळी आहे.

गावातून मुंबई-पुण्याला येणाऱ्या कुटुंबाचे प्रश्न केवळ वैद्यकीय नसतात. बुडणारी मजुरी, घरी राहिलेली धाकटी भावंडे, शहरात बापाने रात्री कोठे झोपायचे, रक्तदाते कोठून आणायचे, हे सारे आईच्या चेहऱ्यावर उमटते आणि मूल तो चेहरा वाचते. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरातील मुलाची तारीख हंगामात पडली तर ती बहुधा चुकते, आणि त्याला पालकांचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होते. काही प्रश्न तर मोठ्याने विचारलेच जात नाहीत. ओठ दुभंगला तो गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरल्यामुळे, असे सासरी ऐकलेली आई अपराधी मनाने वॉर्डात वावरते. छातीवर व्रण राहणाऱ्या मुलीचे पुढे लग्न जमेल का, ही चिंता पित्याच्या मनात असते. ग्रहणाचा या दोषाशी कसलाही संबंध नाही हे सर्वांसमक्ष, विशेषतः घरातील ज्येष्ठांसमक्ष, डॉक्टरांनी सांगणे हाही आईवरचा उपचारच ठरतो.

हे काम करणारी व्यक्ती आपल्या व्यवस्थेत आहे. वैद्यकीय समाजसेवेचे पहिले पद भारतात 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात निर्माण झाले, आणि शासकीय रुग्णालयांत आजही समाजसेवा अधीक्षक हे पद असते. निधी मिळवून देणे आणि कागदपत्रे पुरी करणे यांतच त्यांचा बहुतेक दिवस जातो. कुटुंबाशी शस्त्रक्रियेआधी बसून बोलणे हे त्यांच्या कामाचे केंद्र असायला हवे.

संमतीपत्राचाही या दृष्टीने फेरविचार आवश्यक आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय आणि धोके समजावून दिल्यानंतर मिळालेली संमतीच खरी संमती होय. अठरा वर्षांखालील मुलासाठी सही पालकच करतात. तथापि भारताने 1992 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने स्वतःशी संबंधित बाबतीत मत मांडण्याचा आणि ते वय व समज पाहून विचारात घेतले जाण्याचा हक्क मुलाला दिलेला आहे. शस्त्रक्रिया करायची की नाही, हा निर्णय आठ वर्षांच्या मुलावर टाकता येत नाही. सुई कोणत्या हाताला टोचायची, मास्क बसून लावायचा की पडून, सोबत कोणती वस्तू न्यायची, हे मात्र त्याला विचारता येते. विचारणा खरी असावी एवढीच अट आहे. ज्याला नकार चालणार नाही ते प्रश्नरूपाने विचारू नये.

दारापाशी आणि दारापलीकडे

वॉर्डात सतत जवळ असलेली आई ऑपरेशन थिएटरच्या दारात एकाएकी सुटते, आणि अनोळखी मामा किंवा मावशी मुलाला उचलून आत नेतात. संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत तीव्र रडे बहुधा याच क्षणी उठते. भूल चढेपर्यंत पालकाला आत येऊ द्यावे का, याविषयी संशोधनाचे उत्तर सरळ नाही: नुसत्या उपस्थितीने मुलाची भीती खात्रीने कमी होत नाही, शांत पालकाचा उपयोग होतो आणि घाबरलेल्या पालकाचा होत नाही. यावरून पालकाला बाहेर ठेवावे असे न ठरता त्याला तयार करून आत न्यावे असे ठरते. भूल चढताना मुलाचे डोळे फिरतात, अंगाला झटके आल्यासारखे होते, हे आधी ठाऊक असलेली आई हादरत नाही. जिथे जागेअभावी हे शक्य नसेल तिथे शामक औषध आधी देऊन मूल आईच्या मांडीवर पेंगू लागल्यावर आत नेता येते, आणि सुईच्या जागी तासभर आधी बधिरता आणणारे मलम लावता येते.

भूल उतरताना विशेषतः दोन ते सात वर्षांची काही मुले डोळे उघडे असूनही कोणाला ओळखत नाहीत, किंचाळतात, हातपाय झाडतात. भूल उतरतेवेळची ही संभ्रमावस्था बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत आपोआप निवळते आणि मुलाला ती आठवतही नाही. पण आधी न सांगितल्यास मेंदूला इजा झाली किंवा बाहेरची बाधा झाली, असे कुटुंबाला वाटते. घरी गेल्यावर अंथरूण ओले करणे, रात्री दचकून उठणे, आईला न सोडणे हेही काही आठवडे चालू शकते. त्यासाठी मुलाला रागावू नये, आणि ते लांबले तर डॉक्टरांना सांगावे. दुखणे किती आहे ते लहान मुलाला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांच्या चित्रांची मोजपट्टी त्याच्यापुढे धरतात. ती वापरायची रीत शस्त्रक्रियेआधीच शिकवलेली असावी.

या साऱ्यासाठी नवी इमारत किंवा महागडे यंत्र लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात तारीख देतानाच मराठीत आणि त्या भागातील बोलीत समजावणारी अर्ध्या तासाची भेट, एक बाहुली, एक मास्क, थिएटरच्या वाटेची काही छायाचित्रे, उपासाच्या वेळा लिहिलेला कागद आणि हे काम नेमून दिलेली एक व्यक्ती, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. वाचू न शकणाऱ्या पालकांसाठी आशाताई आणि अंगणवाडीसेविका हीच माहिती घरी पोहोचवू शकतात, कारण त्यांच्या शब्दाला गावात आधीच मान आहे. मात्र ही सुरुवात एखाद्या दयाळू सिस्टरच्या मर्जीवर न सोडता केसपेपरवर हिमोग्लोबिन आणि वजन यांच्या शेजारी ‘मुलाला सांगितले का, कोणी, केव्हा’ असा रकाना छापला गेला पाहिजे आणि तो रिकामा असेल तर रक्ताचा अहवाल नसताना जसे विचारतात तसे विचारले गेले पाहिजे. ज्या गोष्टीची नोंद होते तीच रुग्णालयात नियमाने केली जाते. आणि शल्यकर्माचे कौशल्य ज्या राज्याने इतक्या मेहनतीने जिल्ह्याजिल्ह्यांपर्यंत नेले, त्या राज्यातील मुलांना आपल्या शरीराचे काय होणार आहे हे आधी कळण्याचा हक्क याहून अधिक काळ नाकारण्याचे काही कारण उरत नाही.